आत्याचा मुकुट : जपानच्या राजस्त्रियांच्या अलंकारांचा हिशेब

बँकेच्या सेवेत असताना काही वर्षे लॉकर विभाग माझ्याकडे होता. लग्नसराई जवळ आली की त्या तळघरातील वर्दळ वाढत असे. एकाच कुटुंबातील दोन जावा एकाच किल्लीसाठी येत आणि 'दागिना नेमका कोणाचा' हा प्रश्न माझ्या टेबलापर्यंत पोहोचे. सासूच्या नावावरचा लॉकर, त्यात सुनेचे स्त्रीधन आणि शेजारी पेढीच्या पैशातून घेतलेला हार! वापर आणि मालकी या दोन शब्दांत केवढे अंतर असते, हे मला एम. कॉम.च्या पुस्तकांनी जितके शिकविले नाही, तितके त्या तळघराने शिकविले.

गेल्या दिवाळीनंतर आमच्या नातीचे लग्न ठरले. माझा मुलगा कापडाच्या व्यापारात आहे. त्याने प्रथेप्रमाणे नव्या संचाची चौकशी सुरू केली. नात मला म्हणाली, "आजोबा, मला नवा हार नको. मी आत्याचा तन्मणी घालीन." मुलगा काहीसा दुखावला. त्याचे म्हणणे असे, की व्यापाऱ्याच्या मुलीच्या अंगावर दुसऱ्याचा दागिना दिसला, तर धंद्यात हात आखडला आहे असे बाजार समजेल. त्याचे म्हणणे मी हसण्यावारी नेले नाही. ज्या समाजात पत हेच भांडवल असते, तेथे दागिना हा केवळ दागिना नसतो. पण त्या क्षणी मला जपानच्या राजघराण्यातील एक प्रसंग आठवला. नेमका तोच प्रश्न तेथेही आला होता, आणि तेथेही आत्याचाच दागिना होता. तो प्रसंग समजण्यासाठी जपानच्या राजस्त्रियांच्या अलंकारांची कथा आरंभापासून पाहावी लागेल.

अलंकाराविना अकरा शतके

आज टोकियोच्या राजप्रासादातील स्त्रियांची छायाचित्रे पाहिली, की मस्तकावर हिऱ्यांचा टियारा, म्हणजे कपाळाच्या वर केसांत बसविला जाणारा अर्धमुकुट, आणि गळ्यात हिऱ्यांचा हार दिसतो. ही परंपरा फार प्राचीन असावी, असा आपला समज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. अतिप्राचीन काळी जपानमध्ये मण्यांच्या माळा आणि कर्णभूषणे होती. परंतु आठव्या शतकाच्या सुमारास हार, कुंडले, अंगठ्या हे अलंकार तेथील वेषातून जवळजवळ लुप्त झाले आणि सुमारे अकराशे वर्षे परतले नाहीत.

मग राजस्त्रीचे ऐश्वर्य कशात दिसे? वस्त्रात. दरबारी स्त्रिया रेशमी वस्त्रांचे एकावर एक थर परिधान करीत आणि बाहीच्या व गळ्याच्या कडेला त्या थरांच्या ज्या रंगरेषा दिसत, त्यांची संगती ऋतूप्रमाणे साधणे ही सुसंस्कृतपणाची कसोटी मानली जाई. या वेषाला 'जुनिहितोए' म्हणतात. लांब केस पाठीवर सोडलेले, माथ्यावर लहानसे धातूचे भूषण आणि फणी, हाती लाकडी पट्ट्यांचा चित्रित पंखा, एवढाच काय तो साज. हा वेष आजही जिवंत आहे. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी सम्राट नारुहितो यांच्या राज्यारोहणाच्या घोषणाविधीत सम्राज्ञी मासाको याच वेषात उभ्या होत्या. राजपदाच्या सर्वांत पवित्र विधीत हिऱ्याला आजही स्थान नाही.

पाच टक्के जकात आणि हिऱ्यांचा मुकुट

मग हिरे आले कोठून? त्याचे उत्तर व्यापारी वाचकांना विशेष रुचेल, कारण ते जकातीच्या इतिहासात सापडते.

१८५८ मध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, रशिया आणि नेदरलँड्स यांनी जपानला व्यापारी करार करावयास भाग पाडले. जपानमध्ये गुन्हा करणाऱ्या परकीयाचा न्याय त्याच्याच देशाच्या वकिलातीने करावयाचा, अशी त्यांत तरतूद होती. १८६६ च्या समझोत्याने तर आयात जकात पाच टक्क्यांच्या आसपास बांधून टाकली. स्वतःच्या बंदरात स्वतःची जकात ठरविण्याचा अधिकार ज्या देशाला नाही, त्याचे उद्योग कसे उभे राहणार? १८६८ मध्ये सम्राट मेइजी यांच्या नावाने नवी राजवट आली, तेव्हापासून हे करार बदलून घेणे हे तिचे मोठे उद्दिष्ट राहिले.

पाश्चात्त्य सत्ता म्हणत, 'तुम्ही आमच्यासारखे सुधारलेले आहात, हे आधी दाखवा.' जपानने कायदे, सैन्य, शाळा यांबरोबरच दरबारही बदलावयास घेतला. १८८३ मध्ये टोकियोत 'रोकुमेइकान' हे पाश्चात्त्य पद्धतीचे अतिथिभवन उघडले गेले. तेथे परकीय वकिलांसाठी मेजवान्या आणि नृत्यसमारंभ होऊ लागले. १८८६ मध्ये सम्राज्ञी हारुको, ज्या निधनोत्तर शोकेन या नावाने ओळखल्या जातात, प्रथमच पाश्चात्त्य वेषात लोकांसमोर आल्या. जानेवारी १८८७ मध्ये त्यांनी स्त्रियांच्या वेषाविषयी आपले विचार लेखी प्रसृत केले. त्यातील एक मुद्दा मला फार मार्मिक वाटतो. नव्या धर्तीचा वेष स्वीकारावा, पण त्यासाठी कापड शक्यतो स्वदेशी वापरावे, म्हणजे देशातील विणकर आणि व्यापारी यांचा उत्कर्ष होईल, असे त्यांनी सुचविले. याच सम्राज्ञींनी १८७१ मध्ये राजप्रासादात रेशीमकिड्यांचे पालन सुरू केले होते आणि ती प्रथा पुढील सर्व सम्राज्ञींनी चालविली आहे. कच्चे रेशीम हे त्या काळी जपानच्या निर्यातीचे मुख्य अंग होते.

कापड स्वदेशी घेता आले, पण टियारा घडविणारे हात तेव्हा देशात नव्हते. म्हणून बर्लिनच्या जवाहिऱ्यांकडून तो घडवून घेण्यात आला. हाच 'मेइजी टियारा'. त्याच्या वरच्या कडेवरील ताऱ्यांच्या आकाराचे हिरे काढता-घालता येतात, हे त्याचे वैशिष्ट्य. १८८८ मध्ये केवळ स्त्रियांसाठी 'मौल्यवान मुकुट' या नावाचे मानचिन्हही स्थापन झाले. राजघराण्यातील स्त्रिया आजही त्याचा पट्टा टियाराबरोबर धारण करतात.

या खर्चाचे फलित काय? ब्रिटनशी नवा करार १८९४ मध्ये झाला, परकीयांचे न्यायालयीन विशेषाधिकार १८९९ मध्ये संपले आणि जकातीचे पूर्ण स्वातंत्र्य १९११ मध्ये मिळाले. मुकुटामुळे करार बदलले, असे कोणी म्हणणार नाही. ते कायद्यांनी, सैन्याने आणि मुत्सद्देगिरीने बदलले. पण मुकुट विकत घेण्यामागचा हेतू स्पष्ट होता. तो हौसेखातर घेतला नव्हता, पत दाखविण्यासाठी घेतला होता. आपल्या मुलीच्या लग्नात बाजाराला दिसावा म्हणून जो हार आपण घेतो, त्याचीच ही राष्ट्रीय आवृत्ती म्हणावयास हरकत नाही.

पदाबरोबर चालणारा दागिना

मेइजी टियारा आजवर पाच सम्राज्ञींनी धारण केला आहे : शोकेन, तेइमेइ, कोजुन, मिचिको आणि मासाको. १० नोव्हेंबर २०१९ च्या मिरवणुकीत उघड्या मोटारीतून जनतेला अभिवादन करताना मासाको यांच्या मस्तकावर तोच होता. युवराज्ञीसाठी निराळा टियारा आहे. १९५९ मध्ये मिचिको आणि १९९३ मध्ये मासाको यांनी विवाहप्रसंगी तो धारण केला. मिचिको या राजघराणे आणि सरदार घराणी यांच्या बाहेरून, एका पिठाच्या गिरण्यांच्या उद्योजक कुटुंबातून आलेल्या पहिल्या युवराज्ञी. माहेर संपन्न होते. परंतु मस्तकावरचा टियारा माहेरच्या संपत्तीचा नव्हता, पदाचा होता. पद बदलले की दागिना पुढच्या स्त्रीकडे जातो.

वापराचे प्रसंगही मोजके असतात. नववर्षाचा अभिनंदन सोहळा, परदेशी राष्ट्रप्रमुखांसाठीची मेजवानी, विवाह, राज्यारोहण आणि राजकन्या सज्ञान झाल्याचा सोहळा. एरवी या स्त्रियांच्या गळ्यात बहुधा साधी मोत्यांची माळ असते.

मोत्याची गोष्ट : तोबा, मुंबई, कोबे

ही मोत्यांची माळ आपल्या मुंबईच्या बाजाराशी जोडलेली आहे, म्हणून तिच्याविषयी दोन शब्द लिहितो. तोबा या किनाऱ्यावरच्या गावातील एका शेवयांच्या खाणावळवाल्याचा मुलगा कोकिची मिकिमोतो याने ११ जुलै १८९३ रोजी शिंपल्यात अर्धगोल मोती वाढविण्यात यश मिळविले. १८९६ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८९९ मध्ये त्याने टोकियोच्या गिंझा भागात दुकान थाटले. पुढे जपानी संशोधकांच्या प्रयत्नांतून पूर्ण गोल मोतीही वाढविता येऊ लागला. १९२४ मध्ये मिकिमोतोची पेढी राजघराण्याची अधिकृत पुरवठादार झाली. ज्या देशाने आपला पहिला टियारा बर्लिनहून आणला, तो देश अर्धशतकाच्या आत स्वतःचे रत्न आणि स्वतःचे कारागीर घेऊन उभा राहिला.

याची दुसरी बाजू मुंबईच्या मोतीबाजाराने भोगली. इराणी आखातातील मोती, ज्याला आपण 'बसरा मोती' म्हणतो, तो मुंबईत येई, येथे त्याची प्रतवारी होई, छिद्रे पाडली जात आणि येथून तो पॅरिस-लंडनला जाई. १९२९ नंतरची जागतिक मंदी आणि जपानचा संवर्धित मोती या दोहोंनी मिळून तो व्यापार बसविला. कित्येक पेढ्यांनी वह्या मिटल्या. काहींनी मात्र वाऱ्याची दिशा ओळखली. मोत्याच्या व्यापारासाठी भारतीय कुटुंबे कोबे या बंदरात स्थायिक झाली. त्यांत जैन कुटुंबेही होती आणि १९८५ मध्ये कोबेच्या कितानो भागात महावीरस्वामींचे मंदिर उभे राहिले. जपानी शिंपल्यातून मोती काढताना आतील जीव सहसा वाचत नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. त्या कारणास्तव मोती न वापरणारी घरे आपल्या समाजात आहेत आणि त्यांच्या विवेकाचा मी आदर करतो.

१९४७ : ताळेबंद कोरा झाला

आता बँकरच्या आवडीचा भाग. दुसऱ्या महायुद्धापूर्वी जपानचे राजघराणे हे देशातील सर्वांत मोठ्या मालमत्ताधारकांपैकी एक होते. जंगले, जमिनी, शेअर, रोखे असा त्यांचा विस्तार होता. युद्धानंतर या मालमत्तेचे मूल्यांकन सुमारे ३७० कोटी येन झाले आणि त्यावर इतर धनिकांप्रमाणेच संपत्तीकर आकारण्यात आला. दर ऐकून वाचक थक्क होतील : जवळजवळ नव्वद टक्के!

३ मे १९४७ रोजी नवी राज्यघटना अमलात आली. तिच्या ८८ व्या अनुच्छेदाने राजघराण्याची मालमत्ता राष्ट्राची ठरविली आणि घराण्याचा खर्च संसदेने अंदाजपत्रकातून मंजूर करावा, असा नियम केला. आठव्या अनुच्छेदाने देणग्या घेण्यादेण्यावरही संसदेचा अंकुश ठेवला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजघराण्याच्या ११ शाखांमधील ५१ व्यक्ती सामान्य नागरिक झाल्या. कालपर्यंत ज्यांच्या घरी वाडे आणि रत्ने होती, त्यांपैकी अनेकांना कर भरण्यासाठी ती विकावी लागली. टोकियोतील एक प्रसिद्ध हॉटेल अशाच एका राजपुत्राच्या जागेवर उभे आहे.

तेव्हापासून राजघराण्याच्या खर्चाची तीन स्वतंत्र खाती आहेत. पहिले सम्राटाच्या स्वतःच्या कुटुंबाच्या खासगी खर्चाचे. १९९६ मध्ये ही वार्षिक रक्कम ३२ कोटी ४० लाख येन ठरली. दुसरे इतर राजपुत्रांच्या कुटुंबांचे. तिसरे राजप्रासादाच्या सार्वजनिक कामांचे. हा पैसा सरकारी आणि त्यातून घेतलेली वस्तूही सरकारी. १९८९ मध्ये सम्राट हिरोहितो निवर्तले, तेव्हा सिंहासनाबरोबर वंशपरंपरेने येणाऱ्या वस्तूंना करातून सूट मिळाली. परंतु खासगी संपत्तीवर नव्या सम्राटांनी ४० कोटी येनांहून अधिक वारसाकर भरला. राजाने वारसाकर भरावा आणि त्याचा आकडा वर्तमानपत्रांत यावा, हे मला कोणत्याही रत्नापेक्षा तेजस्वी वाटते.

डेडस्टॉक रजिस्टरमधील मुकुट

राजकन्या सज्ञान होते, तेव्हा तिच्यासाठी टियारा, हार, कर्णभूषणे असा संच घडविण्याची पद्धत आहे. २०११ मध्ये राजकन्या माको यांच्या संचासाठी २ कोटी ८५ लाख ६० हजार येन आणि २०१४ मध्ये त्यांच्या धाकट्या भगिनी काको यांच्या संचासाठी २ कोटी ७९ लाख ३० हजार येन खर्च झाले. पहिला गिंझामधील वाको या पेढीने घडविला, दुसरा मिकिमोतोने. हा खर्च तिसऱ्या, म्हणजे सार्वजनिक खात्यातून झाला. त्यामुळे हे टियारा राजकन्यांच्या मस्तकावर असले, तरी मालकी सरकारची.

आमच्या बँकेत प्रत्येक खुर्चीच्या पायावर एक क्रमांक रंगविलेला असे आणि तो डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेला असे. मॅनेजर बदलून गेला तरी खुर्ची तेथेच राहायची. राजकन्येचा मुकुट तत्त्वतः त्याच रजिस्टरमध्ये असतो. जपानी कायद्याप्रमाणे राजकन्येने सामान्य नागरिकाशी विवाह केला, की ती राजघराण्यातून बाहेर पडते. अशा वेळी तिला एकरकमी रक्कम देण्याची तरतूद आहे. २६ ऑक्टोबर २०२१ रोजी माको यांनी महाविद्यालयातील सहाध्यायाशी विवाह केला. त्या विवाहावर देशात बरीच टीका झाली होती. त्यांनी पारंपरिक विधी केले नाहीत आणि ती रक्कमही नाकारली. टियारा तर त्यांचा नव्हताच.

याला एक अपवाद आहे आणि आपल्या कथेचा धागा त्यातच आहे. सम्राट नारुहितो यांच्या भगिनी सायाको १९८९ मध्ये वीस वर्षांच्या झाल्या. त्यांचा टियारा पहिल्या, म्हणजे कुटुंबाच्या खासगी खात्यातून घडविला होता. म्हणून २००५ मध्ये टोकियो महानगर शासनातील एका कर्मचाऱ्याशी विवाह करून त्या सामान्य गृहिणी झाल्या, तेव्हा तो त्यांच्याजवळच राहिला. ज्या खात्यातून पैसा गेला, त्यावर मालकी ठरली. हिशेबाचे हे पहिले सूत्र आहे.

डिसेंबर २०२१

१ डिसेंबर २०२१ रोजी सम्राटांची एकुलती एक कन्या आइको वीस वर्षांची झाली. प्रथेप्रमाणे तिच्यासाठी नवा टियारा घडावयास हवा होता. पण ते कोविडचे वर्ष होते. दुकाने बंद पडली होती, माणसे गेली होती, रोजगार बुडाले होते. त्या वर्षीच्या नववर्ष सोहळ्यातही राजस्त्रियांनी लोकांच्या हालअपेष्टांचा विचार करून टियारा धारण केले नव्हते. सम्राट, सम्राज्ञी आणि कन्या यांनी मिळून ठरविले, की नवा टियारा घडवावयाचा नाही.

५ डिसेंबरला राजप्रासादात सोहळा झाला. आइको लांब, शुभ्र पोशाखात आली. वडिलांच्या हातून तिने मानचिन्ह स्वीकारले. तिच्या मस्तकावर टियारा होता, तो आत्याकडून, सायाको यांच्याकडून उसना आणलेला. राजघराणे सोडून गेलेल्या आत्याचा खासगी दागिना सम्राटाची मुलगी मागून आणते आणि ही गोष्ट राजप्रासाद लपवून ठेवत नाही, स्वतः जाहीर करतो. जगाने त्यावर हात आखडल्याचा ठपका ठेवला नाही. उलट, ही मुलगी आपल्या काळाचे दुःख जाणते, असेच सामान्य जपानी माणसाला वाटले.

मेइजी काळात या घराण्याने पत दाखविण्यासाठी मुकुट विकत घेतला. सव्वाशेहून अधिक वर्षांनी त्याच घराण्यातील वीस वर्षांच्या मुलीने मुकुट न घेऊन पत मिळविली. पतीचा माझा अनुभव बँकेच्या खुर्चीतला आहे. कर्जाचा अर्ज घेऊन येणाऱ्या गृहस्थाच्या बोटांतील अंगठ्या आम्ही कधी मोजल्या नाहीत. वही चोख आहे का, हप्ता वेळेवर येतो का, आणि अडचणीच्या वर्षी माणूस कसा वागला, एवढेच पाहिले. बाजारही शेवटी तेच पाहतो, फक्त त्याला थोडा अधिक वेळ लागतो.

ही सारी कथा मी मुलाला एका रविवारी दुपारी सांगितली. तो लगेच पटला, असे म्हणणे खोटे ठरेल. "आपण काही सम्राट नाही, बाबा," असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यातही तथ्य आहे. सम्राटाच्या मुलीने उसना दागिना घातला तर तो साधेपणा ठरतो, आपल्या मुलीने घातला तर लोक कुजबुजतात. शेवटी नातीनेच वाट काढली. नव्या संचासाठी ठेवलेली रक्कम तिच्या नावे मुदत ठेवीत ठेवावी आणि तन्मणी आत्याचाच असावा, असे तिने सुचविले. मुलाने "बघू" म्हटले. आमच्या घरात 'बघू' याचा अर्थ बहुतेक वेळा होकार असतो.

तन्मणी लॉकरमधून काढला, तेव्हा त्याचा रेशमी गोफ जीर्ण झालेला दिसला. तो पटवेकऱ्याकडे गाठायला दिला आहे. जुन्या सवयीने मी एक चिठ्ठी लिहून त्याच्या डबीत ठेवली : 'मालकी आत्याची. लग्नापुरता भाचीकडे वापरास.' चिठ्ठी पाहून मुलगी हसली आणि तिने खाली एक ओळ वाढविली : 'परत करण्याची घाई नाही.'